नऊची पायरी

अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. जळगावच्या जुन्या भागात त्यांचं सात बाय नऊ फुटांचं दुकान होतं. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर मर्फी, बुश, फिलिप्स, नेल्को असे सेट पोट उघडं टाकून बसलेले असत. अब्बा सेट चालू करत, कान जवळ नेत आणि क्षणभराने सांगत, "गँग में धूल है," किंवा "आयएफटी हिल गया." बहुतेक वेळा तेच निघे. दुकानाची वही ते उर्दूत लिहीत, गिऱ्हाइकांशी अहिराणीत बोलत आणि मला मात्र मराठी शाळेत घातलं होतं. कारण साधं होतं. ती शाळा घराजवळ होती.

त्या काळी रेडिओ ऐकायलाही लायसन्स लागायचं. पोस्टात वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर तिकीट लावून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. एकदा कुणा गिऱ्हाइकाचं असं पुस्तक दुकानात राहून गेलं होतं. ते चाळत अब्बा हसून म्हणाले होते, "देख, सुनने का भी परवाना!" मी तेव्हा लहान होतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते वाक्य पुढे फार वर्षांनी माझ्यावरच उलटायचं होतं.

मी शिक्षक झालो आणि धुळ्याला राहायला गेलो. जळगाव ते धुळे सुमारे नव्वद किलोमीटर. एरंडोल, पारोळा करत एसटी पोहोचवते. शाळेत विज्ञान शिकवायचो, संगणकाची खोलीही माझ्याचकडे होती. २०१२ च्या सुरुवातीला फिनलंडच्या अँटी पालोसारी यांना एक गोष्ट आढळली. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बोटाएवढी यूएसबी काडी विकली जाते. तिच्यातली रिअलटेकची आरटीएल २८३२यू ही चिप रेडिओलहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे बाहेर देऊ शकते. मग ऑस्मोकॉम या गटातल्या मंडळींनी तिच्यासाठी मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. हजारो रुपयांचं काम काही शे रुपयांत होऊ लागलं. मीही एक काडी मागवली आणि गच्चीवर तांब्याची तार ताणली.

हैदराबादच्या अश्हर फरहान यांचं नाव मला तेव्हाच कळलं. हौशी बिनतारीवाले त्यांना व्हीयू२ईएसई या खुणेने ओळखतात. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी बिटएक्स नावाचा बोलण्या-ऐकण्याचा संच आखला आणि त्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला. कॉइल गुंडाळायच्या खास कड्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत म्हणून त्यांनी ती नळाच्या वायसरवर गुंडाळली. पुढे त्यांनी सॉफ्टवेअरवर चालणारा एसबिटएक्सही केला. त्यांच्याविषयी वाचून मला जे वाटलं ते लिहायला हरकत नाही. आपल्यातला एक माणूस गच्चीवर तार लावतो, ती झाकत नाही, उलट जगाला नकाशा वाटतो, याचा मला धीर आला.

तो धीर वर्षभरही टिकला नाही. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. दोन दिवसांनी जळगावहून अम्मीचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "वो छत का तार निकाल दे." अम्मी लग्न होऊन जळगावात आली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७० च्या मे महिन्यात, भिवंडीपाठोपाठ जळगावातही दंगल पेटली होती. त्या दिवसांत घरातला रेडिओ तिने उशीखाली ठेवून ऐकलेला. मी वाद घातला नाही. त्याच रात्री गच्चीवर गेलो आणि तार गुंडाळली. मला कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी बोट दाखवलं नव्हतं. तार माझ्याच हातांनी उतरली. चार वर्षं ती कपाटात पडून होती.

२०१७ मध्ये अब्बांच्या हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चहाची बशी सांडायची ते त्यांनी सोसलं, पण रेडिओचं बटण फिरवता येईना याचं त्यांना फार लागलं. त्यांचं जळगाव आकाशवाणी मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झला लागायचं. काटा तिथे न्यावा तर हात थरथरून पुढे जाई. शिवाय घरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर आले होते. प्रत्येकाची खरखर मध्यम लहरींवर चढते. अब्बा म्हणत, "अब घर ही स्टेशन हो गया है."

मी त्यांना बटण दाबलं की केंद्र लागेल असा नवा सेट आणून दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला. त्यांना ठरलेलं केंद्र नको होतं, शोधायचं होतं. आयुष्यभर ज्याने काटा फिरवला त्याला शोधण्यातच रेडिओ असतो. मग मी कपाटातली काडी बाहेर काढली.

सॉफ्टवेअरचा रेडिओ म्हणजे काय, हे अब्बांना समजावणं अवघड गेलं नाही. त्यांच्या सेटमध्ये एरियलवरून आलेल्या लहरीतून गँग आणि आयएफटी मिळून हवं ते केंद्र निवडत आणि डायोड त्यातून आवाज काढी. इथे काडी लहरींचं माप घेऊन संगणकाला नुसते आकडे पाठवते. निवडणं, गाळणं, आवाज काढणं ही सगळी कामं गणिताने होतात. मी सेकंदाला २,४०,००० मापं घेत होतो. प्रत्येक मापाचे दोन आकडे, ० ते २५५ मधले. गाळून त्यांचा पाचवा हिस्सा ठेवला की ४८,००० उरतात, तेवढे संगणकाचा स्पीकर नीट वाजवतो. मध्यम लहरी या काडीच्या ट्यूनरला पकडता येत नाहीत. तो साधारण २४ मेगाहर्ट्झपासून वर ऐकतो. म्हणून ट्यूनरला वळसा घालून एरियल थेट चिपला जोडायची सोय असलेली काडी घेतली. अब्बांनी ती हातात धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "इसमें आयएफटी कहाँ है?" मी पडद्यावरच्या चार ओळी दाखवल्या. ते बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले.

आता चालवायचं सॉफ्टवेअर हवं होतं. तयार प्रोग्राम होते, पण त्यांत बारीक बटणांची गर्दी होती. अब्बांना दोनच कळा हव्या होत्या, पुढे आणि मागे. आपल्याकडे मध्यम लहरींची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात. ९५४, ९६३, ९७२. कळ दाबली की एक पायरी. हात थरथरून कळ दोनदा दाबली गेली तर सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आतली दुसरी दाब सोडून द्यायची. पडद्यावर आकडा वीतभर मोठा. एवढंच काम.

पण ते सगळीकडे चालायला हवं होतं. जळगावच्या घरी पुतण्याचा लॅपटॉप विंडोजचा. धुळ्याला माझा संगणक लिनक्सचा, आणि बिघाड झाला तर मला तिथूनच पाहावं लागणार. बहिणीची मुलगी सुट्टीत येई ती मॅक घेऊन. पहिला प्रोग्राम मी माझ्या घरी लिहिला, छान चालला, आणि जळगावात बंद पडला. लिनक्स ही काडी टीव्हीची समजून आधीच ताब्यात घेई, तिथे तिला सोडवावं लागे. विंडोजला तिचा ड्रायव्हर बदलून द्यावा लागे. एका ठिकाणी आवाज फाटे, दुसऱ्या ठिकाणी उर्दू अक्षरं सुटी होऊन पडत. मी एक दुरुस्ती केली की दुसरं घर बिघडे. रविवारमागून रविवार असे गेले.

वाट सापडली ती खोडदला. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती लोकांना पाहायला खुली असते. २०१८ मध्ये मी शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. मुलं डिशकडे बघत होती, मी तिथल्या मांडणीकडे. प्रत्येक डिशजवळ तिचा स्वतःचा संगणक. मधल्या खोलीतून फक्त हुकूम जातो, हलवण्याफिरवण्याचं काम जिथलं तिथेच होतं. हुकूम देणाऱ्याला डिशच्या मोटारीचा स्वभाव माहीत असण्याची गरज नाही. परतीच्या बसमध्ये मला माझी चूक कळली. मी प्रत्येक लॅपटॉपला रेडिओ बनवायला निघालो होतो.

मग रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक घेतला, काडी त्याला जोडली आणि जळगावच्या गच्चीवर, घरातल्या दिव्यांपासून दूर, प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला. ऑस्मोकॉमच्या त्या मोफत संचातच एक छोटा प्रोग्राम आहे, तो आकडे घरातल्या वायफायवरून पाठवतो आणि हुकूम घेतो. लॅपटॉप कुठलाही असो, काडीशी त्याचा संबंध उरला नाही.

अम्मी जिन्यात उभी होती. "डब्बा, तार, बत्ती... कोई देखेगा तो क्या समझेगा?" डब्यात एक लाल दिवा लुकलुकत होता खरा. मी दिव्यावर चिकटपट्टी लावली आणि डब्यावर कागद डकवला. मराठीत आणि उर्दूत लिहिलं, "हा रेडिओ आहे. फक्त ऐकतो." लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या गच्चीवर केबलच्या छत्र्या होत्या, त्यांच्यावर कुणी असं लिहिलं नव्हतं.

सगळं जोडलं आणि रेडिओ मुका. प्रोग्राम कसली तक्रार करेना. काडीला द्यायचा हुकूम फक्त पाच आकड्यांचा असतो. पहिला आकडा कामाचा क्रमांक, केंद्र बदलण्यासाठी १. पुढच्या चार आकड्यांत केंद्राची कंपनसंख्या. ९६३ किलोहर्ट्झ म्हणजे ९,६३,००० हर्ट्झ, त्याचे चार आकडे होतात ०, १४, १७७, १८४. मी ते कागदावर मांडून बसलो होतो. अब्बा खाटेवरून पाहत होते. मी सांगितलं, माझा संगणक पाठवतोय ते १८४, १७७, १४, ०. त्यांनी विचारलं, "किधर से पढ़ता है वो?"

मी चमकलो. ते म्हणाले, "मैं बही उर्दू में लिखता था, सीधे हाथ से. लेकिन हिंदसे? हिंदसे तो उर्दू में भी बाएँ से ही लिखते हैं. वर्ना गिऱ्हाइक का बारह रुपया इक्कीस हो जाएगा."

चूक नेमकी तीच होती. आपल्या घरचे बहुतेक संगणक मोठी संख्या साठवताना लहान टोक आधी ठेवतात. तारेवरून पाठवताना मात्र मोठं टोक आधी, असा जुना संकेत आहे. माझा प्रोग्राम घरचा क्रम तसाच वेशीबाहेर पाठवत होता. उलटं वाचलं की ९,६३,००० चे ३०९ कोटींवर हर्ट्झ होत होते. एक खूण बदलली आणि खोलीत जळगाव केंद्र बोलू लागलं. अब्बांनी कान पुढे केला, मग सवयीने म्हणाले, "थोडा और इधर." मी गाळणी थोडी रुंद केली. त्यांनी मान हलवली.

या दोन टोकांची नावं आली आहेत स्विफ्टच्या गलिव्हरच्या प्रवासातून. लिलिपुटात अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून अकरा हजार माणसं जीव देतात, पण टोक बदलत नाहीत. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १९८० मध्ये ती नावं संगणकाच्या या भांडणाला दिली. त्याच्या टिपणाच्या शीर्षकातच धर्मयुद्धं आणि शांततेची विनवणी आहे. त्याचं म्हणणं असं की कुठलं टोक आधी, यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक ठरवणं महत्त्वाचं. मी हे अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "अंडे पे?" आणि मग दोघंही गप्प बसलो. धुळ्यातल्या त्या भांडणाची सुरुवातही एका क्षुल्लक गोष्टीवरून झाली, असं तेव्हा बोललं गेलं होतं.

आणखी एक गंमत झाली. अब्बांसाठी मी पडद्यावरची अक्षरं उर्दू केली, तर सगळी खिडकीच आरशातल्यासारखी उलटी झाली. कमी आकडे उजवीकडे, जास्त डावीकडे. अब्बा चिडले. "रेडिओ का काँटा किसी ज़बान में उल्टा नहीं चलता." अक्षरं उजवीकडून आणि पट्टी डावीकडून अशी वेगळी करायला दोन दिवस लागले. तिन्ही संगणकांवर चालणारा प्रोग्राम करणं म्हणजे काय, ते मी त्या दोन दिवसांत शिकलो. प्रत्येकाला त्याच्या घरच्यासारखं वाटलं पाहिजे, पण ज्या गोष्टी सगळ्यांच्या आहेत त्या कुणाच्याही घरात बदलता कामा नयेत.

आणि मग मीच ती बदलली.

सूर्य मावळला की मध्यम लहरी लांबवर पोहोचतात. वातावरणाचा जो थर दिवसा त्यांना शोषून घेतो तो रात्री विरतो आणि वरच्या थरावरून त्या परततात. अब्बा रात्री एकेक पायरी चढत, लांबची गावं गोळा करत. एका रात्री ६३० वर सीमेपलीकडचं केंद्र स्वच्छ लागलं. कसलीतरी बाजारभावाची माहिती चालली होती. अम्मी उठली आणि तिने रस्त्याकडची खिडकी लावली. काही बोलली नाही. मी त्या शनिवारी जळगावातच होतो. सकाळी उठलो आणि प्रोग्राममध्ये तीन ओळी घातल्या. काही ठरावीक आकडे आले की पायरी सोडून पुढे जायचं. कुणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, अम्मीची झोप तर नीट होईल.

पुढच्या शनिवारी गेलो तर अब्बा वाटच पाहत होते. "सेट में खराबी है," म्हणाले. "६२१ के बाद सीधा ६३९. ६३० कहाँ गया?" नऊची पायरी त्यांच्या हाडात होती. मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, "मैंने निकाला."

त्यांनी का असं विचारलं नाही. खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग इतकंच म्हणाले, "डाल दे वापस. गिऱ्हाइक के सेट में मैंने कभी खराबी नहीं डाली."

मला पोस्टाचं ते पुस्तक आठवलं. ऐकण्याचा परवाना सरकारने कधीच रद्द केला होता. तो मी स्वतःच नव्याने छापला होता, माझ्याच बापाच्या नावाने. धुळ्यातली तार उतरवताना निदान तार उतरवतोय हे मला दिसत होतं. या तीन ओळी कुणालाच दिसल्या नसत्या. असं भय घरातल्या यंत्रात एकदा शिरलं की पुढच्या पिढीला ते यंत्राचा स्वभावच वाटू लागतं. आमच्या नातवंडांना जगात ६३० हा आकडाच नाही असं वाटलं असतं. मी ओळी काढल्या. संध्याकाळी समोरचे आप्पा आले. ते अब्बांचे जुने गिऱ्हाईक. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हणत खाटेवर बसले. अब्बांनी त्यांना ६२१ पासून एकेक पायरी चढून दाखवली. ६३० वर क्षणभर थांबले, पुढे गेले. खिडकी उघडी होती.

अब्बा २०२१ मध्ये गेले. पुतण्याने लॅपटॉप बदलला, भाचीचा मॅक नवा आला, प्रत्येक वेळी प्रोग्राममध्ये काही ना काही मोडलं आणि मी ते धुळ्याहून दुरुस्त केलं. हुकूम देणारा तो पाच आकड्यांचा भाग मात्र एकदाही बदलावा लागला नाही. अब्बांच्या दोन कळा आता अम्मी दाबते. ती कुठे थांबते, कुठे थांबत नाही, हे मी पाहत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर गच्चीवर गेलो तर डब्यावरचा कागद पार धुऊन गेला होता. मराठीही गेली होती, उर्दूही. नवा लिहावा म्हणून खाली येऊन पेन शोधू लागलो. अम्मीने विचारलं, काय शोधतोस? सांगितलं.

ती म्हणाली, "रहने दे. रेडिओ है, सबको मालूम है."